अठरा इंची खैरात

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की अंधेरीपासून मुंब्र्यापर्यंत एक कार्यक्रम ठरलेला असतो. हॉलमध्ये स्टेज, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर ट्रस्टींचे फोटो, आणि पुढे प्लास्टिकच्या वेष्टनातल्या वीस-पंचवीस व्हीलचेअर एका रांगेत. नाव पुकारले जाते, माणसाला उचलून खुर्चीत बसवले जाते, फोटो निघतो, पुढचे नाव. अर्ध्या तासात काम संपते आणि सगळे इफ्तारला बसतात.

या कार्यक्रमाबद्दल माझे म्हणणे सरळ आहे. यातल्या अनेक खुर्च्या घेणाऱ्याच्या उपयोगाच्या नसतात. काही त्याला इजा करतात. आणि हे टाळायला फार पैसे लागत नाहीत, फक्त खुर्ची विकत घेण्याआधी त्या माणसाला काही प्रश्न विचारावे लागतात. ते विचारले जात नाहीत, कारण फुकट घेणाऱ्याला पसंती-नापसंती असते हे आपल्याला मान्य नाही. मुलीच्या निकाहाचा जोडा शिवताना आपण तीनदा माप घेतो. ज्या वस्तूवर माणूस दिवसाचे बारा तास बसणार, तिचे माप मात्र कारखाना ठरवतो.

ते माप म्हणजे अठरा इंच. बाजारात सहा-सात हजारांना मिळणारी घडीची खुर्ची बहुधा याच रुंदीच्या सीटची असते. लोखंडी, क्रोमची चमक, खाली इंग्रजी एक्सच्या आकाराचा सांगाडा, रेक्झिनची झोळीसारखी सीट, जागेवर पक्के केलेले हात, वजन सतरा ते वीस किलो. या सांगाड्याचा इतिहास मजेदार आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट हा अमेरिकी खाण अभियंता अपघातानंतर व्हीलचेअरवर आला. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्स यांत्रिक अभियंता होता. दोघांनी १९३३ साली घडी होणारी खुर्ची बनवली, कारण एव्हरेस्टला ती मोटारीत घालून स्वतः फिरायचे होते. पुढे तीच रचना हॉस्पिटलांनी उचलली आणि तिचे फर्निचर झाले. वॉर्डातून एक्स-रेपर्यंत पेशंट न्यायचा, मागे वॉर्डबॉय ढकलणार, दहा मिनिटांत काम संपणार. त्या कामाला ती उत्तम आहे. पण आपण ती अशा माणसाला देतो ज्याच्यामागे वॉर्डबॉय नाही आणि ज्याचे काम दहा मिनिटांत संपत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला असलो तरी पदवी इंजिनीअरिंगची आहे, आणि माझ्या खालाच्या घरी अशी एक खुर्ची तीन वर्षे गॅलरीत कपडे वाळवायला वापरली गेली. खाला बारीक आहे. अठरा इंची सीटमध्ये ती एका बाजूला कलंडून बसायची आणि चाकापर्यंत हात पोहोचवायला खांदे पसरायची. आणि सीट अठरा इंच असली तरी खुर्ची अठरा इंच नसते. दोन्ही बाजूंची चाके आणि हाताने फिरवायच्या कड्या धरल्या की बाहेरची रुंदी पंचवीस-सव्वीस इंच होते. तिच्या बाथरूमचा दरवाजा चौकट सोडून चोवीस. म्हणजे दान मिळालेल्या खुर्चीत बसून ती जिथे सर्वात जास्त गरज आहे तिथेच जाऊ शकत नव्हती. ज्यांनी ती दिली त्यांच्यापैकी कुणीही टेप घेऊन घरी आले नव्हते. दोष त्या ट्रस्टच्या नियतीचा नाही, पद्धतीचा आहे. म्हणून मी त्याचे नाव घेत नाही. तुमच्या मोहल्ल्यातही एक असेल.

मापाची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण इथे दिलदारी चालत नाही, भूमिती चालते. सीटची रुंदी बसलेल्या माणसाच्या कमरेइतकी हवी. पुढचे-मागचे माप असे हवे की गुडघ्यामागे दोन बोटांची जागा राहील. सीट लांब असेल तर माणूस पुढे घसरतो, पाठ वाकते आणि वजन माकडहाडावर येते. पायपट्टी जास्त वर असेल तर मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळा भार दोन हाडांवर पडतो. खाली असेल तर पाय लोंबकळतात. जो स्वतः चाक फिरवणार, त्याची पाठ खांद्याच्या पात्याच्या खाली संपायला हवी, नाहीतर प्रत्येक धक्क्याला पाते पाठीवर आपटते. आणि चाक योग्य जागी आहे की नाही हे तपासायची सोपी खूण आहे: हात चाकाच्या कडीवर अगदी वरच्या बिंदूला ठेवला की कोपरात साधारण १०० ते १२० अंशांचा कोन झाला पाहिजे. कोन फार लहान किंवा फार मोठा झाला की काही वर्षांत खांदे जातात. पाय गेलेल्या माणसाचे खांदे गेले म्हणजे काय, याचा विचार करून बघा.

त्याहून महत्त्वाचा आहे चाकाचा आस. हॉस्पिटलच्या खुर्चीत तो मागे, साधारण पाठीच्या दांड्याच्या रेषेत असतो, म्हणजे खुर्ची मागे उलटू नये. त्यामुळे माणसाचे वजन पुढच्या छोट्या चाकांवर येते, ढकलायला ती जड होते आणि खड्डा आला की पुढची चाके तिथेच रुततात. धडधाकट वरच्या अंगाच्या तरुणाला आस थोडा पुढे हवा, म्हणजे तो पुढची चाके उचलून उंबरठा ओलांडू शकतो. पण मधुमेहामुळे दोन्ही पाय मांडीतून कापलेल्या चाचांना हीच सोय धोक्याची आहे. पाय नसल्याने त्यांचा गुरुत्वमध्य मागे गेलेला असतो. त्यांना आस नेहमीपेक्षाही मागे हवा, नाहीतर पहिल्याच चढावर खुर्ची उताणी होईल. एका रांगेत बसलेल्या या दोघांना तुम्ही एकाच खोक्यातून काढलेल्या दोन खुर्च्या दिल्यात, तर एकाचे खांदे आणि दुसऱ्याचे डोके पणाला लावलेत.

आणि गादी. मणक्याला मार लागलेल्या माणसाला कमरेखाली संवेदना नसते. तुम्ही-मी खुर्चीत नकळत चुळबुळ करतो, कारण दुखते. त्याला दुखत नाही, म्हणून तो हलत नाही, रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी आतून सडते. या जखमा हाडापर्यंत जातात, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आणि माणसे मरतात. दोन-तीन हजारांची बऱ्यापैकी फोमची गादी आणि दर पंधरा ते तीस मिनिटांनी अंग उचलायची सवय, एवढ्यावर यातले खूप टळते. स्टेजवरच्या खुर्चीत गादी नसते. झोळीसारखे रेक्झिन असते, जे वर्षभरात खाली लोंबते आणि दोन्ही मांड्या आत ढकलते.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला नेहमीचा: काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे. हे वाक्य चपलेबाबत खरे आहे. लहान चप्पल माणूस काढून ठेवतो. खुर्चीतून उठून तो दुसरीकडे बसू शकत नाही, म्हणूनच तर ती दिली. शिवाय एकदा खुर्ची मिळाली की त्याची गरज भागली असे सगळे धरून चालतात. दुसऱ्या ट्रस्टकडे गेला तर ऐकावे लागते, तुम्हाला मागच्या वर्षी दिली ना?

दुसरा आक्षेप हिशेबाचा. सात लाखांत शंभर माणसांना खुर्च्या देता येतात, चांगल्या घेतल्या तर पंधरा-सतरा जणांनाच मिळतील. शंभर बरे की सतरा? मी हा आक्षेप उडवून लावत नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची मापाप्रमाणे बनणारी निओफ्लाय २०२१ साली बाजारात आली तेव्हा तिची किंमत चाळीस हजारांच्या आसपास होती. २०२५ मध्ये त्याच संस्थेने वायडी वन नावाची नऊ किलोंची खुर्ची आणली, ती पाऊण लाखाच्या घरात. प्रत्येकाला अशी देणे कोणत्याही मोहल्ला ट्रस्टला जमणार नाही, आणि प्रत्येकाला ती लागतही नाही. ज्या नानी दिवसातून दोनदा बिछान्यातून गॅलरीत जातात त्यांना साधी खुर्ची पुरते, फक्त त्यांच्या मापाची, हात निघणारी आणि गादी असलेली. कामावर जाणाऱ्या पंचविशीच्या पोराला दुसरी हवी. म्हणजे प्रश्न शंभर की सतरा असा नाहीच. सात लाखांत पन्नास माणसांना चौदा हजारांपर्यंतची मोजून घेतलेली खुर्ची आणि गादी मिळू शकते. पन्नास वापरातल्या खुर्च्या या शंभर वाटलेल्या खुर्च्यांपेक्षा जास्त असतात. अडचण एवढीच की फ्लेक्सवर ५० हा आकडा १०० इतका शोभत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली साध्या, हाताने चालणाऱ्या व्हीलचेअर कशा पुरवाव्यात याची मार्गदर्शिका काढली, तीही खास आपल्यासारख्या कमी साधनांच्या देशांसाठी. तिच्यात आठ पायऱ्या आहेत: नोंद, तपासणी, कोणती खुर्ची ते ठरवणे, पैसा व मागणी, खुर्ची तयार करणे, बसवून बघणे, वापरायचे शिक्षण, आणि नंतरची दुरुस्ती. आपण चौथी पायरी करतो. बाकी सात गाळतो आणि त्याला वाटप म्हणतो. २०१२ मध्ये संघटनेने यासाठी साधारण आठवड्याभराचा मूलभूत प्रशिक्षणक्रम तयार केला, तो फुकट उपलब्ध आहे. मशिदीच्या ट्रस्टमध्ये फिजिओथेरपीच्या दोन विद्यार्थिनी आणि एक हुशार गॅरेजवाला असेल तर सुरुवात करायला हरकत काय आहे?

‘हाताने चालणारी’ या शब्दांवर थोडा थांबतो. आपल्या घरांत व्हीलचेअर म्हणजे ढकलायची वस्तू समजली जाते. मेहमान आले की कुणीतरी म्हणते, अरे, आम्ही आहोत ना ढकलायला. हे आम्ही म्हणजे प्रत्यक्षात कोण? बहुतेक घरांत सून, नाहीतर शाळा सोडलेली मुलगी. आणि खुर्चीत बसलेली जर बाई असेल तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. जिन्यावरून, रिक्षात, शौचालयात तिला उचलायला पुरुष लागतात, कोणत्या पुरुषाने हात लावायचा यावर घरात चर्चा होते, आणि चर्चेचा शेवट ‘राहू दे, घरीच बस’ असा होतो. पर्द्याची इतकी काळजी असलेल्या समाजाला हे कळायला हवे की निघणारे हात असलेली, तिच्या मापाची, तिला स्वतः फिरवता येणारी खुर्ची ही त्या मुलीच्या इज्जतीची वस्तू आहे. हात निघाला की ती बाजूने सरकून स्वतः पलंगावर, कमोडवर, रिक्षाच्या सीटवर जाऊ शकते. कुणी उचलावे लागत नाही. विराली मोदी या मुंबईतल्या कार्यकर्तीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी खारच्या कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले, कारण लिफ्ट नव्हती. तिने ते जाहीरपणे मांडले, म्हणून सरकारला माफी मागावी लागली. आपल्याकडे किती मुली रोज अशा उचलल्या जातात किंवा उचलल्या जाऊ नयेत म्हणून घरात राहतात, त्याचा बोभाटा होत नाही.

खुर्ची निवडताना माणसाइतकीच गल्ली मोजावी लागते. अंधेरी पश्चिमेत मिल्लत नगरच्या लिफ्टच्या इमारतीत राहणारा आणि गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी गावदेवी डोंगरीत राहणारा, दोघांचे वय, वजन, दुखणे सारखे असले तरी खुर्ची वेगळी लागेल. पहिल्याला छोटी पुढची चाके आणि हलका सांगाडा चालेल. दुसऱ्याला पुढची चाके मोठी आणि रुंद हवीत, टायर हवेचे हवेत, आणि बाहेरची रुंदी गल्लीतल्या सर्वात अरुंद वळणाहून कमी हवी. तिथे दोन माणसे समोरासमोर आली की एकाला भिंतीला चिकटावे लागते. मग रिक्षा. बांद्र्याच्या पुढे आपले वाहन रिक्षाच, तेव्हा खुर्ची घडी होणारी हवी किंवा तिची चाके बटण दाबून निघणारी हवीत. वीस किलोंची घडी मागे कोंबायला रिक्षावाला उतरेलच असे नाही. कामावर लोकलने जाणार की मेट्रोने, हेही विचारा. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून सुरू आहे, लिफ्ट आहे, डबा आणि फलाट एका पातळीत आहेत. लोकलला अपंगांचा डबा आहे, पण फलाट आणि डबा यांच्यातली दरी एकट्याने कशी ओलांडायची? मेट्रोतून उतरल्यावरही रस्ता आहेच. फुटपाथवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून लावलेले खांब व्हीलचेअरही अडवतात, हा विषय मुंबई उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्वतःहून हाती घ्यावा लागला.

सरकारला मोकळे सोडून चालणार नाही. १९८१ पासून केंद्राची ‘एडिप’ योजना आहे, कानपूरची ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी साधने बनवते. चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर खुर्ची पूर्ण फुकट, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत, तीन वर्षांतून एकदा. हाजी अलीला दर्ग्यासमोर केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. चादर चढवायला जाणाऱ्या किती जणांना रस्त्याच्या पलीकडे काय आहे ते ठाऊक आहे? २०१६ चा अपंग हक्क कायदा साधनांना उपकार मानत नाही. आणि त्याच सरकारने २०१७ मध्ये जीएसटी आणला तेव्हा व्हीलचेअरवर ५ टक्के कर लावला, जणू चालणे ही चैन आहे. २०११ च्या जनगणनेत हालचालीचे अपंगत्व असलेली ५४ लाख माणसे मोजली गेली. हा प्रश्न जकातीने सुटणारा नाही. म्हणून ट्रस्टने खुर्ची देण्याआधी प्रमाणपत्र आणि ओळखपत्राचा अर्ज भरून द्यावा, सरकारी खुर्ची मिळवून द्यावी, आणि जकातीचा पैसा गादी, मोठी चाके, योग्य मापाचा फरक यांवर लावावा. सरकारी शिबिरातही एकाच मापाचा ढीग असेल तर तिथेही आवाज काढावा. गरीब मुसलमान सरकारी खिडकीऐवजी ट्रस्टच्या दारात उभा राहतो, यात ट्रस्टला मोठेपणा वाटू नये.

काही जण म्हणतील, जकातीत शरियतच्या अटी आहेत, तू इंजिनीअर, यात पडू नकोस. अटच बघू. हनफी असो की आपले कोकणी शाफई, जकात घेणाऱ्याला वस्तूचा मालक बनवणे लागते. मालक म्हणजे कोण? ज्याला वस्तू नाकारता येते, बदलून मागता येते, विकता येते. आमच्या वाटपात खुर्चीच्या पाठीवर ट्रस्टचे नाव रंगवलेले असते. तो माणूस जिथे जाईल तिथे आमचा बोर्ड घेऊन फिरतो. ही मालकी की जाहिरात?

आणि खुर्ची मिळाली तरी तो जाणार कुठे? जुम्याला मशिदीत जाऊन बघा. रस्त्यापासून दारापर्यंत तीन पायऱ्या, आत वुजूखान्याला आणखी दोन, नळ जमिनीलगत. उताराचा विषय काढला की पैशाचे कारण येते, आणि तो ओलांडला की चाकाच्या पाकीचे. बाहेरची घाण चाकाला लागते, गालिचा नापाक होईल. पैगंबरांनी (स.) हज्जतुल विदामध्ये काबागृहाचा तवाफ उंटावर बसून केला, आणि आजारी असलेल्या उम्मे सलमा (र.) यांना लोकांच्या मागून सवारीवर तवाफ करायला सांगितले, हे हदीसच्या प्रमाण ग्रंथांत आहे. आजही हरममध्ये हजारो व्हीलचेअर फिरतात. मक्क्यात उंट चालतो आणि अंधेरीत धुतलेले चाक चालत नाही, हा कुठला तकवा? अब्दुल्ला इब्न उम्मे मक्तूम (र.) नेत्रहीन होते. ते अजान देत, आणि पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा मदिन्याची जबाबदारी त्यांच्याकडे असे. आमच्या ट्रस्टींच्या यादीत अपंग माणूस कुठे आहे? तो फक्त वाटपाच्या यादीत असतो. दारात एक ओला आणि एक सुका पायपुसणा, पुसायला कापड, नाहीतर आत मशिदीची एक स्वतंत्र खुर्ची, एवढ्याने पाकीचा प्रश्न मिटतो. उतारासाठी मात्र जकात वापरता येत नाही, तो लिल्लाह फंडातून करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण. जागा कमी म्हणून गवंडी चार फुटांत उतरवायला बघेल. तशा उतारावर खुर्ची मागे उलटते, तेव्हा त्याला तिथेच थांबवा.

तरुणांना माझे सांगणे: पुढच्या रमजानला ट्रस्टच्या ऑफिसात आताच जा, शाबानमध्ये जाऊन उपयोग नाही, तोवर खुर्च्यांची ऑर्डर गेलेली असते. मागच्या वर्षीची वाटपाची यादी मागा. त्यातल्या दहा घरांत जा आणि खुर्ची कुठे आहे ते बघा. गॅलरीत, माळ्यावर, भंगारात, की माणसाखाली. पंक्चर आहे म्हणून पडून असलेली खुर्चीही सापडेल. मागचे चाक चोवीस इंची असते, तेव्हा पंक्चर गल्लीच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला काढू शकतो. फक्त तिसऱ्या मजल्यावरून ती खाली आणायला घरात कुणी नव्हते.